किसाचं वजन

सातपूरला, आमच्या शेडच्या माळ्यावर,
लेथच्या बरोब्बर डोक्यावर माझा संगणक आहे.
घरी तो तापून बंद पडायचा.
इथे निदान थ्री फेज आहे
आणि रात्रपाळीला जागं असलेलं कुणीतरी.

खाली रतन आहेर बुश कापतो,
वर मी एक दीर्घिका फिरवते.
मधोमध ताऱ्यांचा लांबट दांडा,
पंधरा कोटी वर्षांत एक फेरा.
माझ्या घड्याळात पावणेतीन तास:
एक डबा, दोन चहा,
गंगापूर रोडवरून आईचा फोन,
"निघालीस का?"

तारे सोपे असतात.
समोरासमोर आले तरी न शिवता निघून जातात,
मधे जागाच तेवढी.
वायूचं तसं नाही.
दोन वाटा एकमेकींना छेदायला लागल्या
की तो अडतो, दाबला जातो,
संध्याकाळी सहाला द्वारकेच्या चौकात
मुंबईहून आलेला ट्रक आणि पुण्याला निघालेली बस
जसे दोघंही वेग घालवून बसतात.
फरक इतकाच, की वायू मग आत घसरतो.
दांड्याच्या पुढच्या कडेला
आघाताची बारीक रेघ उमटते,
त्या रेघेवरून खाली, केंद्राकडे,
फिरण्याची जी पुंजी घेऊन आला
ती दांड्याच्या हवाली करून.

तिसऱ्या रात्री कडं दिसलं.
केंद्राभोवती, जरासं लंबगोल,
एका बाजूला जाड.
मी एकटीच हसले.

रतन चहा घेऊन वर आला,
हाताला कुलंटचा वास.
बराच वेळ पडद्यासमोर उभा.
"मधे भोक कसलं, ताई?"

सांगितलं: तिथे वेग इतका
की गणिताला पाऊल टाकता येईना,
हजार वर्षांचं पाऊल शंभरावर आलं, मग दहावर,
असं कधी संपायचं?
म्हणून एक वर्तुळ आखलंय.
त्याच्या आत जे गेलं ते पुसायचं.

"पुसायचं?"
"हो."
"आणि हिशेब?"

हिशेब नव्हता.

"आम्ही तर कीससुद्धा मोजतो," तो म्हणाला.
"बार किती आला, बुश किती गेले, कीस किती उरला.
भंगारवाल्याच्या काट्यावर आपला भरवसा नाही."
बार. खाली त्यालाही बारच म्हणतात.
चहावर साय धरली.

त्या रात्री अकरा ओळी लिहिल्या:
भोकात गेलेलं आधी मोजायचं, मग पुसायचं.
तीस कोटी वर्षं पुन्हा पहिल्यापासून.
पहाटे बेरीज मांडली,
कड्यातलं, दांड्यातलं, बाहेरचं, गिळलेलं.
कमी येईल म्हणून घाबरले होते,
ती चार टक्के जास्त आली.

जास्त?
वायू कुठून आला, कुणी दिला?
खैरनार सरांना मेल लिहायला घेतली,
"आदरणीय सर"च्या पुढे सुचेना.
जिन्याने खाली उतरले.

रतन कीस गोणीत भरत होता,
निळसर, पीळ पडलेला, अजून कोमट,
एक लांब वेटोळं गोणीबाहेर लोंबत.
काट्यावर ठेवली. एकोणीस किलो.
वहीत त्याने लिहिलं, अठरा सातशे.

"तीनशे कुठे गेले?"
"गोणीचे," तो म्हणाला, वर न बघता.

बाहेर पहिल्या पाळीच्या सायकली यायला लागल्या होत्या.
मी तिथेच, तेलकट फरशीवर उभी.
रिकाम्या घरात शून्य चालत नाही,
शून्याने भागता येत नाही,
म्हणून जिथे वायू संपेल तिथे
संगणक दर पावलाला
चिमूटभर टाकत होता.
ती ओळ मीच लिहिली होती, जूनमध्ये,
आणि विसरले होते.

तीन लाख पावलं.
तीन लाख चिमट्या.

"ताई, सही करा," रतनने वही पुढे केली.
मालकाच्या रकान्यात, बाबांच्या जागी,
मी सही केली, अठरा सातशेच्या खाली,
आणि जिना चढले,
माझी गोणी तोलायला.